नाताळ मालिका, नोंद 7: आजींच्या लुगड्यावरचे पट्टे

मंगळवार, 23 डिसेंबर, रात्रीचे साडेअकरा. वसईतल्या गिरीजहून आत्ता परतलोय. बोटांना अजून खळीचा वास आहे, पण झोपण्याआधी हे लिहायलाच हवं. पट्टे गेले! जवळजवळ एक वर्ष छळल्यावर गेले.

मागच्या डिसेंबरची ती फ्रेम तुमच्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. गल्लीच्या सामुदायिक गोठ्यासमोर, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यासमोर, आजी वाकल्या आहेत, ओंजळीत बाळ येशूची मूर्ती आहे, गव्हाणीतला पेंढा अजून रिकामा आहे. आणि आजींच्या लाल चौकटीच्या लुगड्यावरून, पाठीपासून पदरापर्यंत, आडवे गडद पट्टे. त्यांच्यामध्ये आणखी बारीक, हिरवट-जांभळे. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तेव्हा काही दिसलं नव्हतं, घरी मोठ्या पडद्यावर उघडलं तेव्हा कळलं.

ही फ्रेम मला इतकी का हवी, तेही सांगतो. या गल्लीत रोज लुगडं नेसणाऱ्या कुपारी (वसईतला एक ख्रिस्ती समाज) बायका आता तीनच उरल्या आहेत आणि त्यांत या सगळ्यात थोरल्या. मिस्सेहून, म्हणजे चर्चमधल्या उपासनेहून, परतल्यावर बाळाला गव्हाणीत ठेवायचा मान त्यांचा. ते वर्षातून एकदाच होतं, अर्ध्या मिनिटात. “आजी, पुन्हा एकदा ठेवा” असं मी म्हणणार नाही. त्या वेळी सगळी गल्ली हात जोडून उभी असते, म्हणून शटरचा आवाजही नको. मेकॅनिकल शटर वापर, असं तुमच्यातल्या चौघांनी सुचवलंत. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरच आहे, पण त्या शांततेत माझ्या कॅमेऱ्याचा खटका मलाच सहन होत नाही. त्यामुळे सायलेंट मोड, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर. माझा सेन्सर जुना, वरपासून खालपर्यंत वाचायला साधारण 1/20 सेकंद घेतो. तेवढ्यात दिवे कितीतरी वेळा विझून पेटतात आणि ते विझणं-पेटणं ओळीओळीने फोटोत उतरतं.

रविवारी, 21 तारखेला, गोठा बहुतेक उभा राहिला होता म्हणून चाचणीला गेलो. यंदाचा गोठा सुंदर झालाय. नाचणी पेरून उगवलेली बोटभर हिरवळ, केळीची बाग, विहिरीवर मोटरवर फिरणारं रहाटगाडगं. बेथलेहेम अगदी वसईतलं वाटतं. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, म्हणजे साध्या माळा सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. म्हणून शटर 1/100 सेकंद ठेवलं. रुंद पट्टे कमी झाले, गेले नाहीत. 1/50 केलं. रुंद पट्टे गेले, बारीक रंगीत पट्टे तसेच. 1/25 वर तेही जवळजवळ पुसले गेले, पण गोठ्यात पेंढा पसरणाऱ्या पोराचा हात धुरासारखा दिसायला लागला. आजी कितीही सावकाश वाकल्या तरी 1/25 मला परवडणार नाही.

त्या रात्री घरी येऊन सॉफ्टवेअरमध्ये मास्क लावून, म्हणजे फोटोचा तेवढाच भाग निवडून, पट्टे पुसायचा प्रयत्न केला. तीन तास गेले. लुगड्याच्या चौकटी आणि पट्टे दोन्ही आडवे, त्यामुळे सॉफ्टवेअरला फरक कळेना. पट्टा पुसला की चौकटही फिकी पडते आणि कापडाचा लगदा होतो. हे लुगडं म्हणजेच तर फोटो आहे! तो मार्ग मी कायमचा सोडला.

सोमवारी दिवसभर डोक्यात एकच प्रश्न: कुठला दिवा काय करतोय? अंदाज बांधण्यापेक्षा प्रत्येक दिवा वेगळा तपासायचं ठरवलं. कृती सोपी आहे, सगळ्यांनी करून बघा. अंधारात एकच माळ चालू ठेवायची, शटर 1/10, आणि खटका दाबताना कॅमेरा आडवा झरकन फिरवायचा. एकेका दिव्याची रेघ उमटते. दिवा लुकलुकत असेल तर रेघ तुटक येते, आणि ठिपके मोजले की झालं.

आज संध्याकाळी पोरांनी माझ्यासाठी सगळं बंद करून एकेक चालू केलं. छपरावरची पांढरी माळ: 10 ठिपके, म्हणजे 100 हर्ट्झ, अपेक्षेप्रमाणे. कुंपणावरची पिवळी: 5 ठिपके. ही स्वस्तातली माळ विजेच्या लाटेचा अर्धाच भाग वापरते, म्हणून 50. रविवारी 1/100 ला रुंद पट्टे का उरले, त्याचं उत्तर मिळालं. आणि गव्हाणीवरची रंग बदलणारी पट्टी, जी रिमोटवर चालते: एकमेकांना चिकटलेले बारीक ठिपके. तीनदा मोजले, 40 च्या आसपास. म्हणजे सेकंदाला साधारण 400 वेळा. 1/50 मध्ये कधी सात स्पंदनं मावतात, कधी आठ. एका ओळीला सात, पुढच्या ओळीला आठ, आणि लाल-हिरवा-निळा हे तिन्ही रंग वेगवेगळ्या क्षणी लुकलुकणारे. रंगीत पट्टे नेमके इथूनच येत होते.

पट्टीच्या खोक्यावर ‘लुकलुकत नाही’ असं छापलेलं आहे. ऑनलाइन मागवलेली, विक्रेत्याचं नाव घेत नाही, पण छापलेल्या शब्दावर विसंबू नका, ठिपके मोजा. माझा अनुभव असा की लोहार चाळीत जाऊन दुकानदाराला पट्टी लावून दाखवायला सांगावं आणि तिथेच काउंटरवर ही चाचणी करावी. सजावटीचं बाकी सामान क्रॉफर्ड मार्केटमधून आणलंत तरी चालेल, दिव्यांच्या बाबतीत मात्र लोहार चाळच.

मग खरी गोष्ट घडली. माझी रेघ पुसट येत होती म्हणून मी म्हटलं, जरा उजेड वाढव रे. पोराने रिमोटचं बटण शेवटपर्यंत दाबलं. मी कॅमेरा फिरवला आणि पडद्यावर अखंड रेघ! एकही ठिपका नाही. तीनदा काढली, तिन्ही वेळा अखंड.

कारण लक्षात आल्यावर मी तिथेच खाली बसलो. हे रिमोटवाले दिवे मंद करायचे म्हणजे खरोखर मंद होत नाहीत, ते झपाझप बंद-चालू होतात आणि आपल्या डोळ्यांना सरासरी मंद दिसते. पूर्ण उजेडावर बंद व्हायची वेळच उरत नाही, पट्टी सलग पेटते. आणि मागच्या वर्षी ती मंद करायला सांगणारा मीच होतो. मारियेच्या मूर्तीचा चेहरा पांढराफटक पडत होता, म्हणून म्हटलं होतं, अर्ध्यावर आणा. म्हणजे पट्टे मीच ओढवून घेतले होते.

पूर्ण उजेडात चेहरा फटफटतो ही अडचण मात्र तशीच होती. तोडगा गोठ्याच्या मागेच पडला होता: ताऱ्यांचं उरलेलं सामान. ही गल्ली अजून बांबूच्या कामट्यांचे तारे घरी बनवते, याबद्दल मी नोंद 4 मध्ये भरभरून लिहिलंय. आकाशकंदील बनवणाऱ्या कोणालाही हे काम नवं नाही. दोन कामट्या, पांढरा पतंगाचा कागद, खळ. पट्टीपासून चार बोटं अंतरावर कागदाचा पडदा ताणून बसवला. पट्टी गरम होते, कागद चिकटवून लावू नका. दोन थरांनी जवळपास दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) उजेड खाल्ला आणि जो उरला तो किती मऊ! मूर्तीच्या गालाखालची सावली पहिल्यांदा दिसली. मंद करायचं ते कागदाने, रिमोटने नाही. हे मी कॅमेऱ्याच्या बॅगेवर लिहून ठेवणार आहे.

मोजणीसाठी गव्हाणीत माझा पांढरा रुमाल घडी करून ठेवायला हात पुढे केला, तर सगळ्यात लहान पोर म्हणाला, “काका, ती जागा उद्यापर्यंत रिकामी ठेवायची असते.” मी रुमाल खिशात ठेवला. त्याने आपला तळहात गव्हाणीशेजारी धरला, त्यावर मोजलं. 35 मिमी, एफ/1.8, 1/50, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) 3200. 22 फ्रेम काढल्या, प्रत्येक फ्रेम शंभर टक्क्यांवर तपासली. पट्टा नाही. मग त्याच्या आईने घरातून एक लुगडं आणून दोरीवर टाकलं. त्यावरही नाही. फक्त लाल चॅनल, म्हणजे फोटोतल्या लाल रंगाची नोंद, टोकाला भिडतोय, म्हणून उद्या एक तृतीयांश स्टॉप कमी ठेवणार. हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, बघताना तिन्ही रंग वेगळे बघा. एकत्र आलेख छान दिसतो आणि लाल गुपचूप फुटलेला असतो.

ताऱ्यांच्या गल्लीचंही थोडं सांगतो. सध्या सूर्य सहा वाजून पाच-सहा मिनिटांनी मावळतोय. आज 6:22 ते 6:34 या बारा मिनिटांत आकाश आणि कागदी तारे एकाच तोलात होते. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) 3400 केल्व्हिनला बांधून ठेवला, ट्रायपॉडवर पाच फ्रेमचं ब्रॅकेटिंग, म्हणजे तीच फ्रेम कमी-जास्त उजेडात पाचदा. वारा पडलेला होता, त्यामुळे एकही तारा हलला नाही. ताऱ्यांच्या कागदावरच्या खळीच्या सुरकुत्यासुद्धा आल्यात. प्लास्टिकच्या ताऱ्यांत ही मजा नाही, त्यांच्यात आतला दिवाच दिसतो.

आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या चार रविवारांच्या) मेणबत्त्यांची फ्रेम अजून अपुरी आहे. तिसऱ्या रविवारची गुलाबी नीट आली, पण बाकीच्या तीन जांभळ्या माझ्या कॅमेऱ्यात निळ्याच होतात. त्यावर नंतर.

आता बेत. ठरलं होतं ते असं: 31 च्या रात्री वांद्र्याला म्हाताऱ्याचं, म्हणजे सरत्या वर्षाच्या पुतळ्याचं, दहन आणि 6 जानेवारीला गोव्यात चांदोरला तीन राजांचा सण. पण मघाशी कागद चिकटवताना गल्लीतले एक निवृत्त मास्तर सांगत होते की 1223 साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात संत फ्रान्सिसने गोठ्याचा देखावा उभा केला, तेव्हा लोक मेणबत्त्या आणि मशाली घेऊन आले होते. ते ऐकल्यापासून मनात एकच घोळतंय: हा गोठा निव्वळ मेणबत्त्यांवर कसा दिसेल? ज्योत थरथरते पण विझून पेटत नाही, पट्ट्यांचा प्रश्नच नाही. उद्या रात्री हे करायचं नाही. त्यांची रीत माझ्या फोटोसाठी एका मिनिटानेही बदलायला नको. पण 31 च्या रात्री गल्ली गोठ्यासमोर प्रार्थनेला जमतेच, आणि मास्तर म्हणाले की माळा बंद करायला कोणाची हरकत नसावी. मग वांद्र्याचं दहन यंदा राहू दे. म्हातारे आधीच रस्त्याच्या कडेला खुर्चीत बसवलेले असतात, शेजारी डबा घेऊन पोरं. ते 29 ला दुपारच्या उन्हात काढतो. खरं तर तीच फ्रेम मला जास्त आवडेल. चांदोर पक्कं.

मेणबत्त्यांसाठी आयएसओ 6400 च्या वर जावं लागेल. तुमच्यापैकी कोणी त्या उजेडात लाल कापड टिपलं असेल तर व्हाइट बॅलन्स किती ठेवला होता, तेवढं कळवा.

दोन बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या आहेत. उद्या दुपारी चारला पोहोचायचं, कुंपणावरची पिवळी माळ पोरं काढून मागच्या बाजूला नेणार आहेत, आणि कागदाचा तिसरा थर सोबत ठेवायचा आहे, दव पडून पहिले दोन सैल झाले तर.