मिक्सरचा जार आणि कान्हेरी

खरं सांगायचं तर आम्ही निघालो होतो मिक्सरचा जार दुरुस्तीला द्यायला. चटणीचा छोटा जार, पातं जाम झालेलं, आणि घरी सासूबाईंनी खोबरं खवून ठेवलेलं. बोरिवली ईस्टला स्टेशनजवळ एकजण छान करून देतो असं कळलं म्हणून सप्टेंबरातल्या एका रविवारी सकाळी गेलो, तर शटर बंद. फोन करून विचारायचं कोणी, यावर तिथेच उभ्याउभ्या थोडं झालं. मग चहा. मग नवरा म्हणाला, "अगं, नॅशनल पार्क इथेच तर आहे, तासभर फिरून येऊ." मी चपलांकडे बघितलं, पण बोलले नाही.

कांदिवलीत राहून पार्कात मी शेवटची गेले होते शाळेच्या सहलीला. गेटवर बॅग चेक करणाऱ्याने पिशवीतून जार काढून बघितला, आमच्याकडे बघितलं, आणि परत ठेवला. आत कान्हेरी लेण्यांच्या बसला ही एवढी लाईन, म्हणून "थोडं चालू, मागून बस येईलच" करत निघालो आणि ते थोडं म्हणजे सहाएक किलोमीटर निघालं, बसेस आल्या पण सगळ्या भरून. खरं म्हणजे बरंच झालं. दोन्ही बाजूला साग, मधे कारवी नुसती पानं घेऊन उभी (आठ वर्षांनी एकदा फुलते ती, आम्ही अर्थातच मधल्या वर्षी), आणि पुलाखालून खळखळ स्वच्छ पाणी. ही दहिसर नदी आहे हे नवऱ्याने सांगितलं तेव्हा मी हसलेच, कारण आमच्यासाठी तो हायवेपलीकडचा नाला, नाकाला रुमाल लावून ओलांडायचा. इथे तुळशी तलावाकडून येताना ती चक्क नदी असते.

वाटेत पाड्यावरच्या एक मावशी काकड्या घेऊन बसलेल्या. चिरून, तिखटमीठ लावून सागाच्या पानावर दिल्या. उरलेल्या फोडी कशात ठेवायच्या? जार होताच.

लेण्यांपाशी पोचेपर्यंत बारा वाजून गेले होते. तीन नंबरच्या चैत्याच्या (म्हणजे प्रार्थनेच्या लेण्याच्या) व्हरांड्यातले ते दोन प्रचंड बुद्ध लहानपणीही बघितले असणार, पण आठवत होता फक्त डब्यातला पुलाव. पुढे कातळातल्या पायऱ्यांनी चढत गेलो की गर्दी मागे पडते. जवळजवळ प्रत्येक लेण्याबाहेर पाण्याचं टाकं, पावसाचं पाणी त्यात यावं म्हणून खडकात खोदलेल्या पन्हळी, आणि अजून त्यातून पाणी झिरपतंय. शिलालेखात या टाक्याला पोढी म्हटलंय. लेणी आणि टाकी खोदायला पैसे दिले त्यांची गावंही कोरलेली आहेत, त्यात कल्याण आणि सोपारा! म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीसुद्धा लोक कल्याण आणि नालासोपाऱ्याहूनच इकडे येत होते, फक्त लोकल नव्हती.

नव्वद नंबरच्या लेण्यात तर पहलवी, म्हणजे जुन्या इराणी लिपीत इराणी पाहुण्यांनी आपली नावं कोरून ठेवलीयत, १००९ आणि १०२१ सालची. बाहेर दगडावर कोणीतरी बदामात दोन अक्षरं कोरलेली बघून मी चिडले होते ना, तो राग जरा पातळ झाला. फार नाही. ते इराणी निदान तारीख घालून गेले.

सगळ्यात वर उघडा कातळ आहे. तिथे बसलो. खाली हिरवंगार आणि त्या हिरव्याच्या कडेला धुरकट टॉवर, त्यातलाच एखादा आमच्या बाजूचा असेल, दिसला मात्र नाही. वारा असा की बोलायची गरज नव्हती. तेवढ्यात माकडाने पिशवी ओढली, जार ठणठणत दोन पायऱ्या खाली, झाकण एकीकडे, काकडी माकडाकडे. आणि त्याच क्षणी सासूबाईंचा फोन, "झाला का गं जार?"

"आई, थोडा वेळ लागेल," मी म्हटलं.

चपलेचा अंगठा परतीला तुटला, ते जाऊ दे.

बुधवारी ऑफिसातून येताना पुन्हा त्या दुकानात गेले. त्याने झाकण उघडलं, आत बोट घालून बघितलं आणि म्हणाला, "ताई, पातं बदलावं लागेल. पण हे पान कसलं वाटत होतात?"