‘कमल कदम’ चालते, ‘सुनीता’ चालत नाही

एका संस्थेच्या नोंदणीसाठी लाराव्हेलमध्ये, म्हणजे पीएचपी या भाषेत वेबसाइट बांधण्याच्या तयार चौकटीत, केलेला फॉर्म माझ्या चाचण्यांत सुरळीत चालला आणि लोकांच्या हाती गेल्यावर मात्र नावाच्या रकान्यावर अडू लागला. ‘नावाचे स्वरूप अमान्य आहे’ एवढाच संदेश येत होता. चाचणीसाठी मी नेहमी ‘कमल कदम’ हे नाव वापरत असे. ते अजूनही बिनतक्रार स्वीकारले जात होते, पण ‘सुनीता’ लिहिले की नकार ठरलेला.

आधी माझा संशय नाव तपासायला लिहिलेल्या रेजेक्सच्या, म्हणजे मजकुराचा साचा सांगणाऱ्या सूत्राच्या, शेवटी लावायच्या ‘यू’ या खुणेवर गेला, कारण ती नसेल तर पीएचपी मजकूर अक्षरांऐवजी सुट्या बाइटांत वाचते. परंतु ती जागेवर होती. मग दोन्ही नावे कोडपॉइंटनिहाय, म्हणजे यूनिकोड या संकेतप्रणालीने प्रत्येक चिन्हाला दिलेल्या क्रमांकानुसार, सुटी करून पाहिली, तेव्हा उलगडा झाला. नियमात मी यूनिकोडचा ‘एल’ वर्ग, म्हणजे अक्षरे, आणि रिकामी जागा एवढेच मान्य केले होते. देवनागरीतील काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि पाय मोडण्याची खूण मात्र ‘एम’ या वेगळ्या वर्गात मोडतात. ‘कमल कदम’मध्ये यांतले एकही चिन्ह नाही, आणि मी नेमके तेच नाव निवडले होते! लाराव्हेलच्या स्वतःच्या ‘अल्फा’ नियमात दोन्ही वर्ग आहेत. पण त्याला नाव-आडनावामधली रिकामी जागा चालत नाही, म्हणून तर मी रेजेक्स लिहायला गेलो होतो.

‘एम’ वर्ग जोडल्यावर तक्रारी थांबल्या, एक सोडून. ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव एकाचे स्वीकारले जाई आणि दुसऱ्याचे नाही, पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी दिसत असूनही. मराठीतला हा अर्धा र दोन प्रकारे टंकित होतो: एकात खाली टिंब असलेला ‘ऱ’ आणि पाय मोडण्याची खूण, तर दुसऱ्यात साधा ‘र’, तीच खूण आणि तिच्यामागे डोळ्यांना न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. हा जॉइनर वरच्या दोन्ही वर्गांत बसत नाही. त्याला नियमात नुसते मान्य करून फॉर्म पुढे गेला असता, पण मग एकाच आडनावाच्या दोन नोंदी एका शोधात सापडल्या नसत्या. म्हणून फॉर्म रिक्वेस्टमधील (फॉर्ममधून आलेली माहिती तपासणारा लाराव्हेलचा क्लास) ‘प्रिपेअर फॉर व्हॅलिडेशन’ या मेथडमध्ये, नियम लागू होण्याआधीच, दुसरे रूप पहिल्यात बदलून घेतले. मोबाइल क्रमांकातील देवनागरी अंकही तिथेच इंग्रजी अंकांत बदलले, कारण ‘डिजिट्स’ हा नियम त्यांना अंक मानतच नाही.