तुम्ही विचारलंत म्हणून: भाषांतरं असताना ग्रीक कशाला?

प्राचीन ग्रीक घेऊन पदवी केली असं सांगितलं की लोक आधी नोकरीचं विचारतात. त्याचं उत्तर सोपं आहे. माझ्याबरोबरचे कुणी वकिलीत गेले, कुणी शाळेत शिकवतात, कुणी सरकारी सेवेत आहेत. उपाशी कुणी राहिलं नाही. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो त्यानंतरचा प्रश्न. होमर, सोफोक्लीस, प्लेटो या सगळ्यांची इंग्रजीत उत्तम भाषांतरं आहेत, थोडीफार मराठीतही आहेत, मग वर्षानुवर्षं घालवून मुळातून वाचायचं कशासाठी?

मी इंग्लंडमधल्या विद्यापीठात गेले तेव्हा ग्रीकची अक्षरओळखही नव्हती. तिथे ते चालतं. एके काळी ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये प्रवेशासाठीच ग्रीक सक्तीचं होतं, कुठलाही विषय घ्यायचा असला तरी. ती सक्ती केंब्रिजने १९१९ मध्ये आणि ऑक्सफर्डने १९२० मध्ये उठवली. आता ब्रिटनमधले अनेक विभाग आल्फा-बीटापासून शिकवतात. पहिलं वर्ष व्याकरणात जातं आणि ते जड असतं. शाळेत संस्कृत केलेल्या मराठी मुलाला मात्र तिथे घरचं माणूस भेटल्यासारखं होतं. द्विवचन आहे, आत्मनेपदासारखा प्रयोग आहे, भूतकाळी रूपाच्या आधी आपला ‘अ’ लागतो तसा तिथे ‘ए’ लागतो. ‘ददामि’ म्हणायचं तिथे ‘दिदोमि’. विभक्त्या संबोधन धरून पाचच, त्यामुळे षष्ठीला पंचमीचंही काम करावं लागतं आणि चतुर्थीवर तृतीया-सप्तमीचा भार येतो. हे एकदा बसलं की कोष्टकं पाठ करण्याचा धाक उरत नाही.

पण खरा विषय दुसऱ्या वर्षी सुरू होतो, नेमलेल्या ग्रंथांच्या वाचनाने. टेबलाभोवती पाच-सहा जण, प्रत्येकापुढे मूळ संहिता, आणि तासाभरात वीस-पंचवीस ओळी. पानाच्या वरच्या भागात नाटक आणि खाली बारीक टाइपात पाठभेद: अमक्या हस्तलिखितात असं आहे, तमक्यात तसं, अमुक संपादकाने ही ओळ कंसात टाकली. भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती ज्यांनी उघडून पाहिली आहे त्यांना हे पान लगेच ओळखू येईल. त्या आवृत्तीची धुरा ज्यांनी वाहिली ते विष्णु सीताराम सुखठणकर बर्लिनमध्ये भाषाशास्त्र शिकून आले होते, आणि युरोपात ग्रीक-लॅटिन ग्रंथांवर घडलेली संपादनपद्धती त्यांनी महाभारताच्या स्वभावाप्रमाणे बदलून वापरली.

भाषांतरात हा खालचा भाग नसतो. माझं उत्तर तिथेच आहे. भाषांतर तुमच्या हातात निर्णय देतं. मूळ वाचताना निर्णय तुमच्यावर येतो.

सोफोक्लीसच्या ‘अँटिगनी’ या नाटकाचंच घ्या. थीबीचा राजा क्रेऑन बंदी घालतो, तरी अँटिगनी आपल्या भावाच्या प्रेताला मूठमाती देते आणि देवांचे अलिखित कायदे राजाच्या हुकुमाहून मोठे आहेत असं त्याला तोंडावर सुनावते. हे सगळ्यांना माहीत असतं. पुढे, मरायला निघताना, नवशेच्या पुढच्या काही ओळींत ती वेगळंच बोलते. नवऱ्यासाठी किंवा मुलासाठी मी हे केलं नसतं, म्हणते. नवरा गेला तर दुसरा मिळेल, मूलही दुसऱ्यापासून होईल, पण आई-वडील दोघेही मृत्युलोकी गेल्यावर मला भाऊ आता कुठून व्हायचा?

ज्या बाईने देवांच्या कायद्याची बाजू घेतली तिने असा हिशेब मांडावा, हे अनेकांना सहन झालं नाही. जर्मन कवी गटेने १८२७ मध्ये बोलून दाखवलं की एखाद्या पंडिताने या ओळी प्रक्षिप्त, म्हणजे मागाहून कुणी घुसडलेल्या, ठरवल्या तर बरं होईल. जेब या मोठ्या टीकाकारानेही त्यांना सोफोक्लीसच्या मानलं नाही. पण या ओळींचा आधार जुना आहे. अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या वक्तृत्वशास्त्रात त्यातल्या दोन उद्धृत केल्या आहेत, म्हणजे नाटकानंतर शंभर-सव्वाशे वर्षांत त्या संहितेत होत्याच. आणि ग्रीक इतिहासकार हिरोडोटसच्या इतिहासात हाच युक्तिवाद एका इराणी बाईच्या तोंडी आहे: इराणचा राजा दारयवहू तिला कैदेतल्या नातलगांपैकी एकाला सोडवायला सांगतो आणि ती भाऊ निवडते.

वर्गात याला विचित्र तर्क म्हणत होते. मला तो विचित्र वाटेना. उच्छंग जातक या बौद्ध कथेत कोसलच्या राजापुढे उभी राहिलेली बाई नवरा, मुलगा आणि भाऊ यांतून भाऊच मागते. लक्ष्मण पडल्यावर राम म्हणतो, ‘देशे देशे कलत्राणि देशे देशे च बान्धवाः । तं तु देशं न पश्यामि यत्र भ्राता सहोदरः ॥’ आपल्याकडे हे सुभाषितासारखं म्हटलं जातं. मी ते सांगितलं आणि उरलेला तास त्यावरच गेला. माझं मत तेव्हापासून पक्कं आहे: या ओळी सोफोक्लीसच्याच आहेत, आणि त्या काढल्या तर अँटिगनी फक्त तत्त्वासाठी मेलेली उरते. माझ्या मते ती भावासाठी मेली. तत्त्व तिला क्रेऑनशी वाद घालताना लागलं.

तुम्हाला हे पटायलाच हवं असं नाही. पण पटत नसेल तर वाद कुठे घालायचा हे मुळातून वाचणाऱ्याला दिसतं.

आणखी एक गोष्ट या अभ्यासाने कायमची मनात बसवली. सोफोक्लीसने १२० हून अधिक नाटकं लिहिली, त्यातली ७ पूर्ण उरली आहेत. ती ज्या हस्तलिखितांच्या आधारावर वाचतो त्यातलं एक अतिशय महत्त्वाचं फ्लॉरेन्सच्या लॉरेंशियन ग्रंथालयात आहे, दहाव्या शतकातलं, म्हणजे कवीनंतर सुमारे चौदाशे वर्षांनी उतरवलेलं. मधल्या काळात कुणीतरी पुन्हा पुन्हा बसून नक्कल केली म्हणून हे आपल्यापर्यंत आलं. सॅफो या प्राचीन ग्रीक कवयित्रीच्या म्हातारपणावरच्या कवितेचा मोठा भाग तर २००४ मध्ये कोलोन विद्यापीठातल्या पपायरसमुळे, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या प्राचीन कागदामुळे, हाती लागला. या विषयात वाचायचं साहित्य अजून वाढतं आहे.

काही जण पुढे विचारतात की नोकरी सांभाळून, वय झाल्यावर हे जमेल का. जमेल. संस्कृत थोडं येत असेल तर फारच लवकर. रोज अर्धा तास, आधी क्रियापदं, आणि सहा-आठ महिन्यांनी प्लेटोचं ‘अपॉलॉजी’ कोश शेजारी ठेवून उघडा. त्याचं गद्य सरळ आहे, आणि सॉक्रेटिस अथेन्सच्या न्यायाधीशांशी बोलतोय तो तुमच्याशीही बोलायला लागेल. होमर त्यानंतर घ्या.