तुम्ही विचारलंत म्हणून : राखीव सिलिंडर पाठीला की काखेखाली?

हा प्रश्न मला दोन प्रकारची माणसं विचारतात. एक म्हणजे पुण्या-मुंबईकडची, डायव्हिंगचा कोर्स उरकून आता स्वतःचं सामान जमवायला निघालेली. त्यांनी माझ्या फोटोत डाव्या बगलेखाली लटकणारी छोटी बाटली पाहिलेली असते आणि इतरांच्या फोटोत तीच बाटली मोठ्या सिलिंडरला पाठीमागे आवळलेली. दुसरी म्हणजे इथे इंग्लंडमध्ये आमच्या क्लबात नव्याने आलेली. त्यांनी पाठीवरचा ब्रॅकेट आधीच विकत घेतलेला असतो आणि त्यांना फक्त मान डोलवणारं कुणीतरी हवं असतं. दोघांना माझं उत्तर एकच: डावीकडे, काखेखाली, डोळ्यांसमोर. ब्रॅकेट घेतलेल्यांचा चेहरा पडतो, पण इलाज नाही.

ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी: या छोट्या सिलिंडरला सगळे पोनी म्हणतात. त्याला स्वतःचा रेग्युलेटर (सिलिंडरमधला दाब श्वासाला योग्य इतका कमी करणारं यंत्र) असतो आणि किती हवा उरली ते दाखवणारं स्वतःचं गेज असतं. मुख्य सिलिंडरशी त्याचा काही संबंध नसतो, आणि त्यातच त्याचा सगळा उपयोग आहे. आपल्या बीसीडीला, म्हणजे हवा भरायच्या जॅकेटला, जो पिवळा जादा सेकंड स्टेज (रेग्युलेटरचा तोंडात धरायचा भाग) लटकत असतो, तो ऑक्टोपस त्याच एका फर्स्ट स्टेजवर (सिलिंडरवर बसणाऱ्या भागावर) आणि त्याच एका सिलिंडरवर चालतो. वरची झडप बिघडली किंवा हवा संपली, तर दोन्ही तोंडं एकदम बंद.

मग मुळात पोनी लागतेच कशाला? इथे त्याचं कारण थंडी. लेस्टरशायरमध्ये स्टोनी कोव्ह नावाची ग्रॅनाइटची जुनी खाण आहे, पाण्याने भरलेली, ३६ मीटरपर्यंत खोल. अर्ध्या इंग्लंडने डायव्हिंग तिथे शिकलंय. हिवाळ्यात तिथलं पाणी पाच-सहा अंशांवर येतं. दाबातून सुटलेली हवा प्रसरण पावताना आणखी गार होते, रेग्युलेटरमध्ये बर्फ धरतो, झडप उघडीच अडकते आणि हवा धो-धो वाहायला लागते. याला फ्री-फ्लो म्हणतात. खोलवर असाल तर भरलेला बारा लिटरचा सिलिंडर काही मिनिटांत रिकामा होतो. बुडबुड्यांच्या त्या गदारोळात बडी, म्हणजे जोडीचा डायव्हर, दोन हातांवर असला तरी दिसत नाही. अशा वेळी तुम्ही पोनीवर जायचं, बडीने मागून तुमच्या मुख्य सिलिंडरची झडप बंद करायची आणि दोघांनी शांतपणे वर यायचं.

कर्नाटकात नेत्राणी बेटाला किंवा गोव्यात ग्रँड आयलंडला हे बर्फाचं प्रकरण नाही. मालवणला किल्ल्याजवळ पर्यटकांना हात धरून पाण्याखाली फिरवतात, तिथे तर पोनीचा विचारही करू नये. माझा मावसभाऊ नेत्राणीला नियमाने जातो. माझं सामान बघून म्हणतो, "ताई, तू डायव्हिंगला चाललीस की दुकान मांडायला?" त्याचं बरोबर आहे. उबदार, स्वच्छ पाणी, पंधरा-अठरा मीटर खोली आणि जवळ राहणारा बडी एवढं असेल तर हवा नीट मोजून वापरणं पुरतं. पण ओ-रिंग (जोडातलं रबरी कडं) उबदार पाण्यातही फाटते आणि होज (हवेची नळी) उबदार पाण्यातही फुटतो. आंग्रिया बँक या बुडालेल्या प्रवाळ पठारासारख्या ठिकाणी, विजयदुर्गपासून शंभरावर किलोमीटर आत समुद्रात, जिथे सर्वांत उथळ भागही वीसेक मीटर खाली आहे, तिथे मी पोनीशिवाय उतरणार नाही.

बांधायची कुठे हे ठरवण्याआधी केवढी घ्यायची ते ठरवा, कारण पहिलं बरंचसं दुसऱ्यावर अवलंबून आहे. माणूस निवांत असताना पृष्ठभागावर मिनिटाला साधारण वीस लिटर हवा घेतो. घाबरला की दुप्पट धरा. ३० मीटरवर दाब चार बार, पृष्ठभागाच्या चौपट, म्हणजे मिनिटाला १६० लिटर. काय झालंय ते कळून वर निघायला एक मिनिट गेलं, तर हे १६० संपले. मग मिनिटाला नऊ मीटर या वेगाने पाच मीटरपर्यंत यायला पावणेतीन मिनिटं, त्यात तीनशेच्या वर लिटर. पाच मीटरवर खबरदारी म्हणून तीन मिनिटं थांबलात तर आणखी १८०. बेरीज साडेसहाशेच्या आसपास जाते. तीन लिटरच्या बाटलीत २०० बारला ६०० लिटर असतात. म्हणजे थोडं तोकडं, पण डीकम्प्रेशनची (वर येताना टप्प्याटप्प्याने थांबण्याची) सक्ती नसलेल्या डाइव्हमध्ये शेवटचा थांबा आखूड करता येतो, त्यामुळे चालतं. पावणेसहा लिटरच्या ॲल्युमिनियमच्या बाटलीत अकराशेच्या वर बसतात, ती ऐसपैस. तोंडावरच रेग्युलेटर बसवलेली, हातात मावणारी एक बाटली मिळते, तिच्या मोठ्या प्रकारातही साधारण ८५ लिटरच असतात. ३० मीटरवर, घाबरलेल्या माणसाला, अर्धं मिनिट. ती कुठे बांधायची हे मला विचारू नका.

आता पाठीवरची. इथे ब्रिटनमध्ये पिढ्यान् पिढ्या हीच पद्धत आहे: तीन लिटरची पोलादी पोनी, मुख्य सिलिंडरला पट्ट्याने किंवा ब्रॅकेटने आवळलेली, तिचा सेकंड स्टेज खांद्यावरून पुढे आणून हनुवटीखाली रबरात अडकवलेला. दिसायला सुटसुटीत. एकदा बांधली की दिवसभर बघायला नको, छाती मोकळी राहते, शिडी चढताना काही लोंबत नाही.

मला त्यातलं "बघायला नको" हेच खटकतं. मागची झडप उघडी आहे की बंद, हे तुम्हाला पाण्यात दिसत नाही, आणि बहुतेकांचा हातही तिथे पोचत नाही. बोटीवर कुणीतरी भल्या मनाने चाचपून झडप बंद केली असेल, तर ते तुम्हाला कळणार नेमकं ज्या क्षणी हवा हवी त्या क्षणी. म्हणून पाठीवरची पोनी पूर्ण डाइव्हभर उघडीच ठेवावी लागते. उघडी असली की सेकंड स्टेजमधून थेंब-थेंब बुडबुडे सुटत राहतात, आणि मागचे बुडबुडे कोण मोजतंय? गेज पुढे आणण्यासाठी लांब होज लावला तर आधीच असलेल्या होजांच्या गुंत्यात आणखी एकाची भर. गेज मागेच ठेवलं तर डाइव्हच्या आधी एकदा बघायचं आणि मग देवावर हवाला.

याहून वाईट चूक एक आहे आणि ती अगदी साधी आहे. घाईत, बोट हलत असताना, माणूस चुकून पोनीचाच सेकंड स्टेज तोंडात घालून उडी मारतो. मुख्य गेज बघत राहतो, काटा हलत नाही, खूश होतो. दहा-बारा मिनिटांनी हवा एकदम संपते. आता तो जे तोंड शोधतो ते मुख्य सिलिंडरचं असतं आणि हे त्याच्या डोक्यात शिरायला वेळ लागतो. दोन्ही तोंडं सारखी दिसत असतील तर हे कुणाचंही होऊ शकतं. पाठीवरच बांधणार असाल तर निदान पोनीचा सेकंड स्टेज वेगळ्या आकाराचा घ्या, म्हणजे हातमोज्यातूनही तो कळेल.

शिवाय तोल. एका बाजूला साडेचार-पाच किलोचं पोलाद बांधलं की पाण्यात शरीर त्या बाजूला कलतं. दुसऱ्या बाजूला शिसं लावून लोक ते सावरतात, म्हणजे वजन आणखी वाढवतात. आणि जाळी. बुडालेल्या बोटींवर तुटक्या जाळ्यांची नायलॉनची तार असते, कोकणातही आणि इथेही. पाठीमागे मोठा सिलिंडर, त्याला ब्रॅकेट, त्याला पोनी, मधे तीन सांदी. अडकलं की सोडवायला दुसरा माणूस लागतो. काहीजण पोनी उलटी, झडप खाली करून बांधतात, म्हणजे कमरेजवळून हात पोचतो. युक्ती चांगली आहे, पण सामान खाली ठेवताना झडप डेकवर आपटते.

काखेखालच्या पद्धतीत बाटलीच्या गळ्याशी एक बोल्ट स्नॅप (खिट्टीचा हूक) असतो, तो छातीवरच्या डाव्या डी-रिंगमध्ये (बीसीडीच्या कडीत). खाली पट्ट्याला दुसरा, तो डाव्या कमरेच्या रिंगमध्ये. बाटली शरीराला समांतर पडते, झडप बगलेच्या पुढे येते. गेज बोटभर होजवर झडपेपाशीच, नजर खाली केली की दिसतं. सेकंड स्टेजचा होज बाटलीवरच्या रबरांत खोचलेला. हवा हवी झाली की ओढायचा, तोंडात घालायचा. दुसऱ्याला हवी झाली तर त्याला सेकंड स्टेज द्या, किंवा सरळ अख्खी बाटली सोडवून त्याच्या हातात द्या. पाठीवरच्या बाटलीचं हे होऊ शकत नाही.

झडप उघडी ठेवायची की बंद यावर इथे पबमध्ये तासभर वाद चालतो. मी पाण्यात उतरण्याआधी उघडते, होजमध्ये दाब भरू देते, दोन श्वास घेऊन बघते आणि बंद करते. होजमधल्या हवेवर एखादा श्वास मिळतो, तेवढ्यात झडप फिरवायची. खोलीवर अधूनमधून क्षणभर उघडून पुन्हा दाब भरायचा, नाहीतर सेकंड स्टेजमध्ये पाणी शिरतं. ज्यांना हे नाटक नको त्यांनी उघडी ठेवावी. डोळ्यांसमोर असल्यामुळे गळती लगेच दिसते.

हे सगळं नीट जमतं ते रिंगा योग्य जागी असतील तर. भाड्याच्या जॅकेट बीसीडीच्या खालच्या रिंगा बहुधा फार पुढे असतात, मग बाटली पोटावर झुलते, गुरांच्या गळ्यातल्या लोढण्यासारखी. पहिल्या डाइव्हला लोक तिला वैतागतात आणि पद्धतीलाच नावं ठेवतात. खालची रिंग कमरेच्या मागच्या बाजूला सरकवा, दोन स्नॅपमधलं अंतर कमी-जास्त करून बघा. स्नॅप बाटलीला दोरीने बांधा, धातूला धातू जोडू नका. अडकलं तर सुरीने कापता आलं पाहिजे. वरचा स्नॅप मोठा घ्या, थंडीत जाड हातमोज्यांनी छोटी खिट्टी सापडत नाही. आणि वजनाचा डावा खिसा बाटलीखाली दबत नाही ना, हे उथळ पाण्यात तपासा, कारण गरज पडली तर तो खिसा एका हिसक्यात सुटायला हवा. ॲल्युमिनियमची बाटली भरलेली असताना पाण्यात जवळपास बिनवजनी असते. रिकामी होत आली की तिचं बूड वर उचललं जातं आणि पाठीमागे शेपटीसारखं तरंगतं. त्याने काही बिघडत नाही, फोटो तेवढे वाईट येतात.

माझं ऐकू नये असेही लोक आहेत. आमच्या क्लबातल्या एका ज्येष्ठ सदस्याचा डावा खांदा दुखावलेला आहे. त्यांना काखेखालची बाटली अडकवता येते पण सोडता येत नाही. ते पाठीवर बांधतात, झडप उघडी ठेवतात, उडी मारण्याआधी बडीकडून मोठ्याने वदवून घेतात, आणि मला त्यात काही चूक दिसत नाही. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर स्कापा फ्लो नावाच्या खाडीत १९१९ साली जर्मन आरमाराने स्वतःच बुडवलेली जहाजं आहेत, त्यातली सात आजही तळाशी आहेत. तिथल्या बोटींना माणूस उचलून घेणारी लिफ्ट असते, त्यामुळे तुम्ही कसंही बांधा. लहान रबरी बोटीवर मात्र काखेखालचीच सोय: पाण्यात असतानाच बाटली सोडायची, वर हातात द्यायची, मग स्वतः चढायचं. मालवणी होडीवरही हेच जमेल, फक्त वर घेणाऱ्याला आधी सांगून ठेवा, नाहीतर तो बाटलीऐवजी तुमचाच दंड धरून ओढतो.

कसंही बांधलंत तरी सराव करा. उथळ पाण्यात, डोळे मिटून, मुख्य रेग्युलेटर काढून पोनीवर या. जमलं की वीस मीटरवरून सगळा प्रवास पोनीवर करून बघा, बडीला आधी सांगून. मग गेज बघा. माझा वरचा हिशेब तुमच्या छातीला लागू पडतो का, ते तिथे कळेल. अनेकांना तीन लिटरची बाटली त्या दिवशी लहान वाटायला लागते.

भारतात येताना मी बाटली आणत नाही. विमानात ती रिकामी करून, झडप काढूनच न्यावी लागते, आणि वजन जातं ते वेगळंच. पट्टा, दोन स्नॅप, रबरं, छोट्या गेजसकट रेग्युलेटर, एवढं एका चपलांच्या पिशवीत मावतं. पाठीवरचा लोखंडी ब्रॅकेट मावत नाही, हाही माझ्या बाजूचा मुद्दा समजा. डाइव्ह सेंटरला आधी फोन करून लहान सिलिंडर आहे का, त्याचा व्यास किती, झडप डिन आहे की योक (रेग्युलेटर जोडायचे दोन प्रकार), एवढं विचारून घ्या आणि अडॅप्टर जवळ ठेवा. लहान सिलिंडर नसेल तर साधा अकरा लिटरचा ॲल्युमिनियमचा सिलिंडरही काखेखाली लटकवता येतो, फक्त पट्टा मोठा लागतो. तेही नसेल तर त्या दिवशी मी अठरा मीटरच्या खाली जात नाही.