समुद्राकडे म्हणजे उतारच ना?

शहरातून थेट समुद्रापर्यंत सायकलने जायचं म्हटलं की हा प्रश्न ठरलेला. 'सगळा उतारच की, मग दमायला होतं कशाने?' तुम्ही विचारलंत म्हणून हिशोबच मांडते.

समजा शहर समुद्रसपाटीपासून 500 मीटर उंच आणि समुद्र 150 किलोमीटर लांब. म्हणजे दर किलोमीटरला जेमतेम साडेतीन मीटर उतार. साध्या टायरचं रस्त्याशी होणारं घर्षण भागवायलाच किलोमीटरला पाचेक मीटर लागतात! त्यातही हा उतार सारखा वाटलेला नसतो. एखाद्या घाटात तो एकदम मिळतो आणि त्यातला बराचसा ब्रेक दाबण्यात जातो. पुढे किनाऱ्यालगत रस्ता असेल तर दर खाडीला उतरा, पलीकडे पुन्हा चढा. युरोपातल्या ऱ्हाईन नदीकाठचा सायकलमार्ग प्रसिद्ध आहे. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरापाशी ती नदी सुमारे 250 मीटर उंचीवर असते आणि तिथून समुद्र साडेआठशे किलोमीटरहून लांब. नदीला वाहायला एवढं पुरतं, सायकलला नाही.

पण खरा घोळ वाऱ्याचा. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून खारे वारे आत येतात. दुपारी त्यांना जोर असतो, म्हणजे आपले पाय बोलायला लागतात नेमके तेव्हाच, आणि तेही तोंडावर. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे समोरून येणाऱ्या हवेचा वेग दुप्पट तर विरोध चौपट. ताशी 20 किलोमीटरने चाललेल्या सायकलला समोरून ताशी 15 चा वारा लागला, तर तोच वेग टिकवताना विरोध तिप्पट होतो. चढाला निदान माथा असतो, वाऱ्याला कुठला! सपाट रस्त्यावर चढाचा गिअर टाकायची लाज वाटते, पण खुशाल टाकावा. चारपाच जण असाल तर आळीपाळीने पुढे राहा, मागच्यांना बरीच सूट मिळते.

मुक्कामाने जाणार असाल तर शेवटचा मुक्काम किनाऱ्यापासून चाळीसेक किलोमीटर अलीकडे करा आणि पहाटे निघा. तेव्हा वारा पडलेला असतो. किनाऱ्याजवळ तर उलटे, जमिनीकडून येणारे मतलई वारे थोडा हातभारही लावतात. परतीला मात्र पहाटेचा हट्ट नको. चढ आहेच, पण दुपारी निघालात तर पहिल्या टप्प्यात तरी तोच खारा वारा पाठीशी असतो.