पद्मिनीचं वायरिंग: सेल्फ आणि हेडलाइट झाले, फ्युएल गेज बाकी

मंडळी, माझ्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीचं इलेक्ट्रिकल काम बरंच मार्गी लागलंय. सेल्फ (इंजिन सुरू करणारी स्टार्टर मोटर) आता जोमात फिरतो, हेडलाइटचा पिवळा मिणमिणाट गेला, डायनॅमोही बॅटरी चार्ज करतोय. हातात आलेले आकडे लिहून ठेवतो, कारण अशा गाडीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला ते उपयोगी पडतील.

गाडी 12 व्होल्टची, निगेटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह खुंटी बॉडीला जोडलेली. (कुणाकडे जुनी मॉरिस मायनर असेल तर तिथं मूळ वायरिंग पॉझिटिव्ह अर्थ असतं, मीटर लावण्याआधी खात्री करा.) आधीच्या मालकांनी पूर्ण बॉडी रंगवून घेतलेली आहे. रंग सुंदर झालाय, पण बहुतेक दुखण्यांचं मूळ त्यातच निघालं: अर्थच्या बोल्टांखालीही प्रायमर आणि रंग गेला होता. करंट जायला वायर असते, परतीची वाट मात्र बॉडीचा पत्राच. ती वाट अडली की दिवे, हॉर्न, गेज सगळेच एकदम बिघडल्यासारखे दिसतात आणि माणूस एकेक पार्ट बदलत बसतो.

सुरुवात सेल्फपासून केली. बॅटरी उभ्या गाडीत 12.6 व्होल्ट, सेल्फ मारताना 10.3. म्हणजे बॅटरी ठीक. मग इग्निशन कॉइलची (स्पार्क देणाऱ्या) वायर काढली, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही, आणि एकाला चावीवर बसवलं. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरी थेट इंजिन ब्लॉकवर. सेल्फ फिरताना इथं जास्तीत जास्त 0.2 ते 0.3 व्होल्ट दिसायला हवेत. दिसले 1.1. मग तीच वाट तुकड्यांत मोजली: खुंटी ते थिंबल (केबलच्या टोकाला दाबून बसवलेला धातूचा तुकडा), थिंबल ते बॉडी, बॉडी ते इंजिन. शेवटच्या तुकड्यात एकट्या 0.8 व्होल्टची गळती. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे बॉडीशी त्याचा विजेचा संबंध त्या एका विणलेल्या तांब्याच्या पट्टीवरच अवलंबून असतो. पट्टी आतून हिरवी पडली होती आणि बॉडीकडचा बोल्ट रंगावरच कसलेला होता. सेल्फ मारताना चोकची केबल गरम लागत असेल तर तुमच्याकडेही हेच चाललंय असं समजा, करंट मिळेल त्या वाटेनं परततोय.

जागा चकचकीत होईपर्यंत पॉलिश पेपरनं घासली, नवी जाड पट्टी लावली, बोल्ट कसल्यावर वरून व्हॅसलीन. कसण्याच्या आधी नाही, नंतर. आता तिथं 0.2 व्होल्ट.

इथं एक गोष्ट ठासून सांगतो: ही तपासणी ओममध्ये करू नका. मीटर ओम मोजताना अगदी नगण्य करंट सोडतो, त्यामुळे तांब्याची एकच तार शिल्लक असलेली वायरही त्याला ठणठणीत वाटते. दोन हेडलाइट मिळून साधारण साडेसात अँपिअर ओढतात. वाटेत कुठं फक्त 0.2 ओमचा अडथळा असला तरी दीड व्होल्ट तिथंच संपतात आणि त्या सांध्यात 11 वॅटची उष्णता तयार होते. म्हणून लोड चालू ठेवून व्होल्टेज ड्रॉपच, म्हणजे त्या तुकड्यात किती व्होल्ट गळतात तेच मोजायचं.

हेडलाइटची कथा नेमकी तीच. बॅटरीवर 12.4, बल्बच्या दोन पिनांवर 10.4. व्होल्टेज एवढं पडलं की फिलामेंटच्या बल्बचा उजेड जवळपास निम्मा होतो. दोनपैकी अर्धा व्होल्ट अर्थमध्ये जात होता, तो बोल्टाखालचा रंग खरवडून परत मिळाला. उरलेला दीड पॉझिटिव्हकडे: फ्यूजच्या पकडीत 0.6, स्टिअरिंगजवळच्या अपर-डिपर स्विचमध्ये 0.7, बाकी वायरमध्ये. दोन्ही टोकांना निमुळते असलेले ते उघड्या पट्टीचे फ्यूज पावसाळी हवेत टोकांना काळे पडतात आणि पकडीची स्प्रिंगही सैलावते. पकडी घासून, वाकवून घट्ट केल्या.

स्विच मात्र उघडला नाही. माझ्या गाडीत हेडलाइटचा सगळा करंट त्यातूनच जात होता. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सी 2023 मध्ये रस्त्यावरून गेल्या, म्हणजे सुटे भागही दुर्मिळ होत जाणार, तेव्हा चांगला मूळ स्विच आता जपूनच वापरायला हवा. नाना पेठेतून दोन रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) आणले, एक अपरला, एक डिपरला. बॅटरीपासून 2.5 चौरस मिमीची नवी वायर, बॅटरीच्या जवळच फ्यूज. स्विचवर आता फक्त रिलेच्या कॉइलचा किरकोळ भार आहे. बल्बवर 12 व्होल्ट मिळतात आणि मूळ वायर कुठंही कापलेली नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

डायनॅमोचं काम छोटं निघालं. एक कार्बन ब्रश त्याच्या होल्डरमध्ये अडकत होता. तो मोकळा केला, कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतो तो फिरता तांब्याचा भाग) पुसला. रेस दिल्यावर 14.1 व्होल्ट मिळतात. आयडलला लाल दिवा मंद पेटतो, तो डायनॅमोचा स्वभावच आहे. कमी फेऱ्यांवर त्याचं व्होल्टेज बॅटरीपेक्षा खाली जातं आणि कटआउट नावाचा आपोआप चालणारा स्विच त्याला बॅटरीपासून तोडून ठेवतो, नाहीतर बॅटरीच उलट डायनॅमोत रिकामी होईल. रोज ऑफिसला, सिग्नलच्या गर्दीत पद्मिनी नेणाऱ्यानं ऑल्टरनेटर बसवावा, माझी त्याला काहीच हरकत नाही. माझी गाडी रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्याला निघते, त्यामुळे डायनॅमो राहणार.

आता फ्युएल गेज, म्हणजे पेट्रोलचा काटा. इंडिकेटर लागला की काटा त्याच तालावर हलतो. यावरून संशय मीटर पॅनेलच्या सामाईक अर्थवर आहे. शिवाय टाकीच्या सेंडरचा (पेट्रोलची पातळी गेजला कळवणाऱ्या भागाचा) अर्थ टाकीच्या बोल्टांतून जातो, आणि टाकीही रंगवलेली दिसतेय. आधी पॅनेलच्या मागून बॉडीपर्यंत एक तात्पुरती अर्थ वायर टाकून बघणार. काटा स्थिरावला तर ती कायम करतो. नाही स्थिरावला तर टाकीकडे वळतो, पण तिथं पेट्रोलची वाफ असते, म्हणून बॅटरीची खुंटी सोडवल्याशिवाय हात लावणार नाही. कुणी पद्मिनीचा सेंडर काढला असेल तर टाकी रिकामी आणि भरलेली असताना त्याचे ओम किती येतात ते जरूर कळवा.