पोट आत जाण्यासाठी: व्यायाम आणि घरातली साधनं

दुसऱ्या बाळंतपणानंतर माझं वजन बऱ्यापैकी उतरलं, पोट मात्र पुढेच राहिलं. सकाळी त्यातल्या त्यात आत, संध्याकाळी पुन्हा बाहेर. व्यायाम सुरू करण्याआधी फिजिओथेरपिस्टना दाखवलं, त्याचा फार उपयोग झाला. उताणं झोपवून, गुडघे वाकवून त्यांनी डोकं किंचित उचलायला सांगितलं आणि बेंबीच्या वर-खाली बोटं दाबून पाहिली. पोटावर उभे जाणारे दोन स्नायू गरोदरपणात एकमेकांपासून दूर सरकतात. पुष्कळ जणींचे ते आपोआप जवळ येतात, काहींची फट तशीच राहते. ती साधारण 2 सेंटीमीटरहून जास्त असेल तर तिला डायस्टॅसिस रेक्टाय म्हणतात. माझी होती.

म्हणजे कामं दोन होती. सैल पडलेले स्नायू घट्ट करायचे आणि चरबी उतरवायची. ही दोन्ही कामं एकाच साधनाने होत नाहीत, हे कळलं की जाहिरातींमधला निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

स्नायूंची सुरुवात श्वासापासून झाली. पोटाचा सर्वांत आतला स्नायू कमरेभोवती आडवा असतो. सावकाश श्वास सोडत ओटीपोट आत आणि किंचित वर ओढलं की तो आवळला जातो. दिसायला काहीच नाही, पण नीट जमायला वेळ लागतो. मग झोपून एकेक टाच पुढे सरकवणं, रांगत्या स्थितीत उलट बाजूचा हात-पाय ताणणं, गुडघ्यांवर आधार घेऊन एका कुशीचा प्लँक, म्हणजे कोपरावर भार देऊन अंग सरळ उचलून धरणं. क्रंचेस, म्हणजे उताणं झोपून डोकं-खांदे वर उचलणं, सध्या नकोत, असं त्यांनी बजावलं होतं. जोर लावताना पोटाच्या मधोमध उभा उंचवटा दिसला, तर तो व्यायाम अजून झेपत नाही असं समजायचं. मला हीच खूण सगळ्यात जास्त कामी आली.

साधनांत माझं पहिलं मत रेझिस्टन्स बँडला, म्हणजे ताणला जाणाऱ्या रबरी पट्ट्याला. दाराला अडकवून दोन्ही हातांनी मागे ओढला की पाठ काम करते, आणि पाठ सरळ राहू लागली की पोटही कमी पुढे येतं. पोटाचं चाक, म्हणजे दोन्ही बाजूंना मुठी असलेलं, जमिनीवर पुढे-मागे फिरवायचं छोटं चाक, मी खूप उशिरा हातात घेतलं. गुडघ्यांवर बसून, भिंतीकडे तोंड करून, चाक भिंतीला लागून थांबेल एवढ्याच अंतरावर. कंबर खाली झुकायला लागली की तिथूनच मागे फिरायचं. चाक उत्तम आहे, पण पहिल्या दिवशी वापरण्याची ती वस्तू नव्हे.

विजेचे झटके देणारा पट्टा नणंदेने आपुलकीने दिला होता. असा पट्टा स्नायू आखडवतो हे खरं, पण आहार आणि व्यायामाच्या जोडीशिवाय दिसण्यात मोठा फरक पडत नाही, असं अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासनही सांगतं. घाम आणणाऱ्या पट्ट्याने पाणी जातं, आणि पाणी प्यायलो की ते परत येतं.

आता चरबी. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही जणांनी 6 आठवडे पोटाचे व्यायाम केले. स्नायूंची ताकद टिकू लागली, पोटावरची चरबी मात्र हलली नाही. चरबी सगळ्या अंगातून उतरते आणि ती आधी कुठून उतरेल हे आपल्या हातात नसतं. म्हणून भरभर चालणं आणि उठाबशा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान 2 दिवस स्नायूंचे व्यायाम सांगते. लहान मूल असताना हे सलग जमत नाही. मी तुकड्यातुकड्यांनी केलं आणि तेही चाललं. खाणं थोडं आवरलं, त्याशिवाय काटा हलत नव्हता.

मोजायला साधी टेप. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरायची, श्वास सहज सोडल्यावर आकडा बघायचा, पोट आत न ओढता. काटा जागच्या जागी असताना टेपवरचा आकडा उतरत होता, तेव्हा फार बळ मिळालं.

फट आता बरीच भरून आली आहे. बेंबीखालची कातडी सैल आहे, ती व्यायामाने जाणार नाही आणि मला ते चालतं. दोरीवरच्या उड्या मात्र अजून घेत नाही, कारण उडी मारली की थोडी लघवी सुटते. हे पुष्कळ जणींना होतं आणि कोणी बोलत नाही. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे वेगळे व्यायाम असतात, त्याने फरक पडतो. असा त्रास असेल तर उड्या सुरू करण्याआधी जरूर दाखवून घ्या.